'कोरम' म्हणजे संख्या नव्हे, 'ज्यांच्यापैकी'

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत न्यायालयीन शब्दांची ओळख करून देणारी चौकट गेल्या पंधरवड्यात प्रसिद्ध झाली. असे शब्द वाचकांना सोप्या मराठीत उलगडून सांगण्याचा उपक्रम मला मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्या चौकटीतील एक चूक तशीच पुढे जाऊ नये, या इच्छेने हे पत्र लिहीत आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशावर न्यायमूर्तींच्या नावाआधी जो 'कोरम' हा शब्द असतो, त्याचा अर्थ आपण 'सुनावणीसाठी आवश्यक असलेली न्यायमूर्तींची किमान संख्या' असा दिला होता आणि हा लॅटिन शब्द मुळातच संख्यावाचक आहे, असेही म्हटले होते. ही दोन्ही विधाने बरोबर नाहीत. आदेशावरचा शब्द वेगळा आणि सभेतला शब्द वेगळा. आणि सभेत आपण जो 'कोरम' म्हणतो, तोही जन्माने संख्येचा शब्द नाही.

मी एकतीस वर्षे न्यायालयात लघुलेखिका म्हणून काम केले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून हीच चूक झाली होती. लघुलिपीत अक्षरे नव्हे, तर कानावर पडलेले ध्वनी लिहिले जातात, आणि माझ्या कानावर पडलेला ध्वनी होता 'कोरम'. घरी वडिलांच्या तोंडी सहकारी पतपेढीच्या सभांच्या संदर्भात तो शब्द ऐकलेला असल्याने मी तो टंकताना बिनदिक्कत 'क्यू'ने सुरू केला. टंकलेखन यंत्रात कार्बन घालून एकाखाली एक चार प्रती काढलेल्या होत्या. आमच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी वरची प्रत हातात घेतली, त्या पहिल्या ओळीवर पेन्सिलने गोल केला आणि म्हणाले, "ताई, क्यूचा कोरम सभेत. कोर्टात सीचा." चारही प्रती पुन्हा कराव्या लागल्या, पण त्या दिवसापासून या दोन शब्दांकडे माझे लक्ष गेले ते आजतागायत आहे.

सी-ओ-आर-ए-एम या अक्षरांचा 'कोरम' हे लॅटिनमधले एक अव्यय असून त्याचा अर्थ 'समोर', 'पुढ्यात', 'समक्ष' असा आहे. 'सह' या अर्थाचा 'को' आणि 'तोंड' या अर्थाचा 'ओस' यांच्या जोडणीतून तो झाला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. या 'ओस'चा भाऊबंद संस्कृतात 'आस्य', म्हणजे मुख, या शब्दात भेटतो. म्हणजे अवयव सुटे करून पाहिले तर हा 'कोरम' आपल्या 'सन्मुख' या शब्दाच्या अगदी शेजारी बसतो. आदेशावर 'कोरम' आणि त्यापुढे न्यायमूर्तींचे नाव असते, तेव्हा हे प्रकरण 'अमुक न्यायमूर्तींच्या समक्ष' चालले, एवढेच त्यातून सांगायचे असते. किती न्यायमूर्ती लागतात, याच्याशी त्याचा संबंध नाही. याचा साधा पुरावा असा, की एकलपीठाच्या, म्हणजे एकच न्यायमूर्ती असलेल्या पीठाच्या आदेशावरही हा शब्द असतो. इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'कोरम नॉन ज्युडिस' हा एक जुना लॅटिन वाक्प्रयोग आहे. त्याचा अर्थ 'जो न्यायाधीश नाही अशाच्या समक्ष', आणि ज्याला तो विषय ऐकण्याचा अधिकारच नव्हता अशा न्यायालयाने दिलेला निर्णय निरर्थक ठरतो, हे सांगताना वकील आजही तो वापरतात. पोलिसांच्या पंचनाम्यात आपण 'पंचांसमक्ष' लिहितो, त्यातला 'समक्ष' हाच या 'कोरम'चा खरा मराठी जोडीदार आहे. इतका नेमका शब्द भाषेत आधीपासून असताना त्या जागी 'गणपूर्ती', म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, बसवणे म्हणजे वाचकाला उलट्या वाटेने पाठवणे आहे.

आता क्यू-यू-ओ-आर-यू-एमचा 'कोरम'. या शब्दाचे नवल असे, की लॅटिनमध्ये ते नामच नाही. ते एका सर्वनामाचे षष्ठीच्या बहुवचनाचे रूप आहे आणि त्याचा अर्थ आहे 'ज्यांचा', 'ज्यांच्यापैकी'. शाळेत संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाने 'कस्य कयोः केषाम्' असे घोकलेले आहे. लॅटिन 'क्वोरुम' आणि संस्कृत 'केषाम्' ही दोन रूपे एकाच मुळाची आहेत. दोन्हींचा आरंभीचा 'क' एक आणि शेवटचा प्रत्ययही एक. संस्कृतात जिथे 'षाम्' किंवा 'साम्' राहिला, तिथे लॅटिनमध्ये 'रुम' झाला, कारण दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'स'चा 'र' करण्याची त्या भाषेची रीत होती. त्याच रीतीने संस्कृत 'स्नुषा'चा लॅटिनमधला सगोत्र शब्द 'नुरुस' असा झाला. आपल्या घरात मात्र त्याच स्नुषेची 'सून' झाली. स्त्रीलिंगी रूप घेतले तर साम्य आणखी उघड दिसते: संस्कृतात 'कासाम्', लॅटिनमध्ये 'क्वारुम'. फरक एवढाच, की संस्कृतात 'क' प्रश्न विचारतो आणि 'ज्यांचा' हे सांगण्याचे काम 'येषाम्'मधला 'य' करतो, तर लॅटिनने दोन्ही कामे 'क'कडेच ठेवली. मराठीतले 'कोण', 'कोणाचा', 'कुठे', 'कधी' हे सगळे याच 'क'चे वंशज आहेत. इतका जवळचा नातेवाईक आपण परका म्हणून वापरतो आणि त्याचा अर्थ आकड्यात शोधतो, याचे मला वाईट वाटते.

एखाद्या भाषेतले विभक्तीचे रूप दुसऱ्या भाषेत जाऊन नाम होऊन बसावे, हे पहिल्यांदाच घडलेले नाही. आपण रोज जिच्याने प्रवास करतो ती 'बस' ही लॅटिन 'ओम्निबुस', म्हणजे 'सर्वांसाठी', या चतुर्थीच्या बहुवचनी रूपाची शेपटी आहे, आणि त्या शेपटीचे नाते संस्कृतातल्या 'भ्यः' या प्रत्ययाशी आहे. 'अॅफिडेव्हिट' हेही नाम नव्हते. 'त्याने शपथेवर सांगितले आहे' असे ते संपूर्ण क्रियापद होते. लॅटिनमधून लिहिल्या जाणाऱ्या दस्तऐवजांतील एखादा ठसठशीत शब्द उचलून त्याच नावाने त्या दस्तऐवजाला किंवा त्यातील कलमाला ओळखायचे, ही कचेरीतील माणसांची सवय सगळीकडे सारखीच असते. आपल्याकडेही 'सातबारा' हे दोन नमुन्यांचे क्रमांक होते. त्यांचे नाम झाले आणि माणसे 'सातबारा काढून आणला' असे म्हणू लागली.

'कोरम'चे तसेच झाले, आणि ते कोणत्या कागदावरून झाले हे सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये प्रत्येक परगण्यात शांतता राखण्यासाठी आणि लहानमोठ्या गुन्ह्यांचा निवाडा करण्यासाठी राजा काही प्रतिष्ठित स्थानिक गृहस्थांची नेमणूक करत असे. यांना 'जस्टिस ऑफ द पीस' म्हणत. (पुढे ही पदवी इंग्रजांबरोबर मुंबईतही आली, जगन्नाथ शंकरशेट हे अशाच 'जे. पीं.'पैकी एक होते.) १३६१ सालच्या इंग्रजी कायद्यात असे सांगितले आहे, की प्रत्येक परगण्यासाठी एक सरदार, त्याच्याबरोबर तीन-चार अत्यंत योग्य गृहस्थ आणि कायदा जाणणारे काहीजण नेमावेत. शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत. जमीनदार गृहस्थ कितीही भले असले, तरी त्यांना कायदा येतोच असे नाही, आणि एखाद्याला शिक्षा देताना कायदा जाणणारा माणूस समोर असायला हवा, ही त्यामागची काळजी होती.

म्हणून राजाच्या नेमणूकपत्रात सगळ्यांची नावे दिल्यानंतर एक खास कलम घातले जाई. तुमच्यापैकी दोघांनी किंवा अधिकांनी मिळून अमुक प्रकारचे खटले चालवावेत, असे सांगून पुढे लॅटिनमध्ये शब्द येत: "क्वोरुम आलिक्वेम वेस्त्रुम", त्यापुढे काही निवडक नावे, आणि शेवटी "ऊनुम एस्से वोलुमुस". याचा मराठीत सरळ अर्थ असा: "ज्यांच्यापैकी एक तुमच्यातील अमुक, अमुक किंवा अमुक असावा, अशी आमची इच्छा आहे." म्हणजे दोघे जमले एवढ्याने काम भागत नसे, त्या दोघांत या निवडक नावांपैकी एकजण असलाच पाहिजे, असे बंधन होते. दहा जमीनदार एकत्र बसले आणि नाव घेतलेला कायदेपंडित त्यांच्यात नसला, तर ते महत्त्वाचे खटले त्यांना चालवता येत नसत. त्या कलमाचा पहिला शब्द 'क्वोरुम', म्हणून ते कलम 'क्वोरम'चे कलम झाले आणि ज्यांची नावे त्यात असत ते न्यायाधीश 'क्वोरमपैकी' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या काळात हा मान होता. तो डोकी मोजण्याशी संबंधित नव्हता. कोण हजर आहे आणि त्या माणसाची पात्रता काय, याच्याशी होता.

मानाची गोष्ट सर्वांनाच हवी असते. अठराव्या शतकातील विख्यात इंग्रज कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टन यांनी नोंदवून ठेवले आहे, की पूर्वी निपुण आणि विवेकी अशा मोजक्याच न्यायाधीशांना क्वोरममध्ये घेत, परंतु आता जवळजवळ सर्वांचीच नावे त्या कलमात पुन्हा लिहिली जातात आणि रीत पाळली असे दिसावे म्हणून एखाद्या किरकोळ माणसाचे नाव तेवढे वगळले जाते. तिथेच या शब्दाचा जीव गेला, असे मला वाटते. सगळेच निवडक झाल्यावर 'ज्यांच्यापैकी' या शब्दाला काही काम उरले नाही. इंग्लंडच्या न्यायालयांतून १७३३ साली लॅटिनचा लेखी वापर बंद झाला; शब्द मात्र टिकला, कारण सतराव्या शतकातच तो न्यायाधीशांच्या कलमातून निघून सभागृहांकडे आणि मंडळांकडे गेला होता. तिथे त्याला नवा अर्थ मिळाला: सभेचे काम वैध ठरण्यासाठी किमान किती सभासद हजर हवेत, तो आकडा. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये तो आकडा सतराव्या शतकापासून ४० आहे, आणि आज सभागृहात ६५० सभासद असतानाही तो तेवढाच आहे.

येथे आपल्या चौकटीतील चुकीविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सीचा कोरम आणि क्यूचा कोरम यांची गल्लत चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांचीही होत असे. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात, अगदी पहिल्या प्रवेशात, स्लेंडर नावाचा एक तरुण आपल्या नातलग न्यायाधीशाची थोरवी सांगताना तो 'जस्टिस ऑफ पीस आणि कोरम' असल्याचे म्हणतो, आणि १६२३च्या छापील संहितेत तिथे 'क्यू'चा नव्हे, तर 'सी'चा शब्द आहे. लगेच पुढे तो न्यायाधीश स्वतःच 'कुस्तोस रोतुलोरुम', म्हणजे दप्तराचा रक्षक, या पदवीचा 'कस्टलोरम' करून टाकतो. लॅटिन येत नसलेल्या माणसांच्या तोंडी लॅटिन पदव्यांचे काय होते, हे नाटककाराला दाखवायचे होते. मराठीत तर दोन्ही शब्द एकाच अक्षरांनी लिहिले जातात, तेव्हा आपल्याकडे गल्लत होणे मुळीच अस्वाभाविक नाही. पण ती समजल्यावर दुरुस्त करणे मात्र आपल्या हाती आहे.

आपल्या राज्यघटनेने हा शब्द आकड्याच्याच अर्थाने घेतला आहे. अनुच्छेद १०० प्रमाणे संसदेच्या प्रत्येक सभागृहासाठी एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश, आणि अनुच्छेद १८९ प्रमाणे राज्याच्या विधिमंडळातील प्रत्येक सभागृहासाठी दहा सदस्य किंवा एक दशांश यांपैकी जी संख्या अधिक असेल ती. त्यानुसार ५४३ सदस्यांच्या लोकसभेत ५५, २८८ सदस्यांच्या महाराष्ट्र विधानसभेत २९ आणि ७८ सदस्यांच्या विधान परिषदेत १० सदस्य हजर हवेत. ग्रामसभेसाठी आपल्या राज्यात मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद किंवा २० यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. हे सारे आकडे बरोबर आहेत आणि त्यांची गरजही आहे. माझे म्हणणे एवढेच, की हे आकडे म्हणजे कोरमचे आजचे मोजमाप आहे. शब्दाचा मूळ अर्थ ते नव्हेत.

आकडा आणि माणसे यांत अंतर पडले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले आहे. तिथे कोरमसाठी निम्म्याहून अधिक सदस्य लागतात. एकोणिसाव्या शतकात अल्पमतातील पक्षाचे सदस्य सभागृहात आपापल्या जागी बसून राहत, पण हजेरीसाठी नाव पुकारले की गप्प राहत. त्यामुळे नोंदीत कोरम भरत नसे आणि काम अडे. १८९०च्या जानेवारीत सभागृहाचे अध्यक्ष टॉमस रीड यांनी समोर दिसणाऱ्या, पण उत्तर न देणाऱ्या सदस्यांची नावे 'हजर' म्हणून लिहून घेण्यास सुरुवात केली. केंटकी राज्याचे सदस्य जेम्स मॅक्रिअरी उठून म्हणाले, की मला हजर म्हणून मोजण्याचा अध्यक्षांना अधिकार नाही. रीड यांनी विचारले, की सन्माननीय सदस्य हजर आहेत ही वस्तुस्थिती मी सांगतो आहे. ती त्यांना अमान्य आहे काय? सभागृहात मोठी खडाजंगी झाली, परंतु रीड यांची पद्धत पुढे टिकली.

याच शब्दाच्या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे २५ नोव्हेंबर १९४९ रोजीचे संविधान सभेतील भाषण मला फार महत्त्वाचे वाटते. संसदीय कार्यपद्धती भारताला परकी नाही, हे सांगताना त्यांनी बौद्ध भिक्षुसंघांचा दाखला दिला आणि संघाला ठराव, मतगणना, प्रतोद यांच्याबरोबरच कोरमचेही नियम ठाऊक होते, असे स्पष्ट म्हटले. भिक्षूंच्या आचारनियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात हे नियम आहेत. चार भिक्षूंचा संघ काही कामे करू शकतो. मध्यदेशात, म्हणजे मध्यवर्ती प्रदेशात, उपसंपदा (भिक्षूची पूर्ण दीक्षा) देण्यासाठी दहा भिक्षू लागतात, तर सीमेवरच्या दूरच्या प्रदेशात जिथे भिक्षू थोडे, तिथे पाच पुरतात. आणि गंभीर दोषानंतर भिक्षूला संघात पुन्हा सामावून घेण्यासाठी वीस लागतात. पण नियम तिथेच थांबत नाहीत. कोणाला धरून ही संख्या पूर्ण करता येणार नाही, याचीही मोठी यादी आहे: श्रामणेर, म्हणजे अजून उपसंपदा न झालेला शिकाऊ, धरून चालणार नाही, ज्याच्याविषयीच निर्णय व्हायचा आहे त्याला धरून चालणार नाही. असे अपात्र माणूस धरून संख्या भरली, तर ते कर्म झालेच नाही, असे विनय सांगतो. संख्या पूर्ण करणाऱ्याला पालीत 'गणपूरक' असा शब्द आहे. किती आणि कोण, हे दोन्ही प्रश्न त्या नियमांत एकत्र आहेत. इंग्लंडच्या राजाच्या लॅटिन कलमाला जे साधायचे होते, ते त्याहून कितीतरी शतके आधी या संघाने अधिक नीट बांधून ठेवले होते.

म्हणूनच 'गणसंख्या' आणि 'गणपूर्ती' या दोन मराठी प्रतिशब्दांपैकी मला 'गणपूर्ती' अधिक योग्य वाटतो. 'गणसंख्या' ऐकले की मन आकड्यावर थांबते. 'गणपूर्ती'मध्ये गण, म्हणजे एकत्र बसून निर्णय घेण्यास पात्र असलेला समूह, पूर्ण झाल्याची कल्पना आहे, आणि 'गणपूरक' या जुन्या शब्दाशी त्याचे नाते कानाला लगेच जाणवते. बोलताना 'कोरम' म्हणायला कोणाची हरकत असू नये; तो आता मराठीचाच झाला आहे. 'कोरमअभावी सभा तहकूब' हे शब्द गावोगावच्या ग्रामसभांच्या इतिवृत्तांत आहेत आणि ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत.

मी इतक्या आग्रहाने लिहिते आहे, त्याला माझ्या राहत्या सोसायटीतील एक प्रसंग कारण आहे. आमच्याकडे ५२ सदनिका आहेत, म्हणजे गणपूर्तीला २० सभासद लागतात. सभेच्या नोटिशीत दरवर्षी खाली ठरलेली ओळ असते: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तहकूब सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही." उपविधींतली ही तरतूद चांगल्या हेतूने आहे, थोड्या लोकांच्या अनास्थेमुळे सगळ्यांचे काम अडू नये, म्हणून ती केली आहे. पण तिचा परिणाम असा झाला, की दहाची सभा म्हणजे साडेदहाची सभा, हे सर्वांनी गृहीत धरले. तीन वर्षांपूर्वी वाहनतळात मांडलेल्या चाळीस खुर्च्यांपैकी नऊ भरल्या होत्या. साडेदहाला त्याच नऊ जणांनी गच्चीच्या जलरोधनासाठी प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी ठरवली. इतिवृत्तात 'उपस्थिती पुरेशी' एवढेच लिहिले गेले आणि सह्यांची वही नंतर घरोघरी फिरवून भरली. वर्गणी मागण्याची वेळ आली, तेव्हा निम्म्या लोकांनी आपण सभेला नव्हतोच असे सांगितले, आणि वहीत त्यांच्याच सह्या होत्या. वरच्या मजल्यावरील एका वृद्ध दांपत्याच्या छतातून दोन पावसाळे पाणी गळत राहिले, कारण कोण हजर होते आणि कोण नव्हते, हेच कोणाला सिद्ध करता येईना.

त्यानंतरच्या वर्षी मी सभेत उभी राहून 'ज्यांच्यापैकी' या शब्दाची ही हकीकत थोडक्यात सांगितली आणि इतिवृत्तात संख्येऐवजी हजर असलेल्यांची नावे लिहावीत, वही सभेच्या जागीच सुरू होऊन तिथेच बंद व्हावी, अशी सूचना मांडली. सूचना मंजूर झाली. आता सचिव दारात टेबल टाकून बसतात, येणारा सभासद सही करतो, शेजारी सदनिका क्रमांक आणि वेळ लिहितो, आणि सभा संपल्यावर शेवटच्या सहीखाली आडवी रेघ ओढली जाते. गेल्या वर्षी दहा वाजून पाच मिनिटांनी त्या पानावर तेवीस नावे होती. जलरोधनाचे काम मे महिन्यात पूर्ण झाले.

आपल्याला माझी विनंती अशी, की त्या चौकटीची दुरुस्ती पुढील रविवारी त्याच जागी प्रसिद्ध करावी. न्यायालयाच्या आदेशातील शब्दासाठी 'समक्ष' किंवा नुसते 'यांच्यासमोर' लिहावे. सभेच्या संदर्भात 'गणपूर्ती' किंवा 'कोरम' लिहावे. आणि व्युत्पत्ती देताना तो 'ज्यांच्यापैकी' या अर्थाचा षष्ठीचा शब्द आहे, एवढी एक ओळ जोडावी. जागा कमी असल्यास माझ्या पत्रातील बाकी सर्व मजकूर गाळला तरी चालेल, ती ओळ मात्र कृपया राहू द्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन लघुलेखिका
नागपूर